आधी पोट, मग शिंगं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "अद्भुतकथांतले आणि विज्ञानकथांतले ड्रॅगन, राक्षसी कोळी, उडते घोडे मला फार आवडतात. भंडारा-गडचिरोलीकडच्या एका गावात घडणारी लांब गोष्ट लिहितोय, तिच्यात असाच एक प्राणी आणायचाय. पण गावात वाचून दाखवली की लोक घाबरायच्या ऐवजी हसतात. काय चुकतंय?"

हसणारे लोक वाईट वाचक नाहीत, उलट फार तयार वाचक आहेत. जो माणूस मोहफुलं वेचायला जाताना झाडाखाली अस्वल नाही ना हे आधी बघतो, मे महिन्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतो, रोही आणि रानडुकरांपायी वावरात रात्र-रात्र जागल करतो, त्याला 'अक्राळविक्राळ' या शब्दाने काही होत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो. काय खाते थे? अन् दिवसा रायते कुठं? लेखकाकडे याची उत्तरं नसली की तो हसतो.

म्हणून प्राणी चेहऱ्यापासून नका बनवू, पोटापासून बनवा. शिंगं, खवले, पंख हे सगळ्यात शेवटचं काम.

हिशेबाला आपला वाघच घेऊ. एक प्रौढ वाघ वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं मारतो. भक्ष्याच्या कळपातला दहावा हिस्सा दरवर्षी गेला तर कळप टिकतो, त्याहून जास्त गेला तर आटत जातो. म्हणजे एका वाघामागे चितळ, सांबर, रानडुक्कर मिळून ५०० च्या आसपास जनावरं जंगलात उभी हवीत. आता तुमचा प्राणी २ टनांचा धरा, २०० किलोच्या वाघाच्या दहापट. त्याची भूक दहापट होत नाही, कारण अंग वाढतं तशी किलोमागची भूक उतरते. भूक वजनाच्या पाऊण घाताने वाढते, म्हणून दहापट वजनाला ती साडेपाचपट होते. तरीही वर्षाला पावणेतीनशे चितळं झाली आणि मागे पावणेतीन हजारांचा कळप. गावातल्या तीन-चारशे शेळ्या त्याला वर्षभरही पुरायच्या नाहीत. त्यामुळे तो 'शेकडो वर्षांपासून डोंगरात राहतो' आणि इतक्या वर्षांत कोणाची शेळी हरवत नाही, हे गुराख्याला पटत नाही. पटू नयेच.

यातून निघायची सोपी वाट म्हणजे प्राणी थंड रक्ताचा करणं. मगर, घोरपड, अजगर या जातीच्या शरीराला तेवढ्याच वजनाच्या गरम रक्ताच्या प्राण्यापेक्षा अन्न फार कमी लागतं, ढोबळमानाने दहावा हिस्सा. अजगर एक मोठं भक्ष्य गिळून कित्येक आठवडे पडून राहतो ते यामुळेच. गरम रक्ताचा राक्षस आला की अख्खा तालुका उठतो. थंड रक्ताचा मात्र गावाच्या कडेला एका तलावात दोन पिढ्या लपून राहू शकतो. बदल्यात काही गोष्टी सोडाव्या लागतात. त्याला लांब पाठलाग जमत नाही, त्याचा झपाटा दहा-वीस पावलांचा. गोंदियाकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तो दगडासारखा पडलेला असणार. थंडीतल्या धुक्यात माणसाच्या मागे धावणारा सरपटणारा प्राणी लिहिलात की शेकोटीभोवती बसलेलेच तुम्हाला पकडतील.

आता आकार. पोळ्याला सजवलेला बैल डोळ्यांपुढे आणा, वजन ४०० किलो. तो 'तिप्पट मोठा' करायचा म्हटलं की उंची, लांबी, रुंदी तिन्ही तिप्पट, म्हणजे वजन २७ पट: १०,८०० किलो. पायाच्या हाडाचा आडवा छेद मात्र ९ पटच वाढतो. प्रत्येक चौरस सेंटिमीटर हाडावर आधीच्या तिप्पट भार आला. बैलाचेच पाय ठेवून हे जनावर उभं राहणार नाही. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ आणि जाड असतात, आणि हत्ती उडी मारत नाही, ते याच कारणाने. तेव्हा मोठा प्राणी हवा असेल तर त्याची उडी, वळण, चढण काढून घ्यावी लागते. बहुतेक नवे लेखक इथेच घसरतात: धूड हत्तीचं आणि चाल मांजराची.

आपल्याकडे याच्यावर आणखी एक भानगड आहे ती काळ्या मातीची. झड लागली की पऱ्हाटीच्या वावरात माणसाचा पाय टोंगळ्यापर्यंत जातो. अकरा टनांचं धूड तिथे दोन पावलांत रुतून बसेल. त्याला चालायला मुरमाड बरड, खडकाळ टेकडी किंवा पक्की पाळ द्या. गावाचा नकाशा काढून कुठे काळी, कुठे बरड, पांदण कुठून जाते हे आधी टिपून ठेवा. पावसाळ्यात प्राणी कुठे येऊ शकतो आणि कुठे नाही हे त्या कागदावरच ठरतं, आणि लोक पळून कुठे वाचतील हेही.

मोठे प्राणी आपल्या भागाला नवे नाहीत हेही ध्यानात असू द्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला मिळालेल्या हाडांवरून १९९७ मध्ये एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचं वर्णन झालं. पुढे २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळालं, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला तर डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. २००५ मध्ये त्यांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, आणि त्यातले काही भाताच्या कुळाशी नातं सांगणारे होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं ते जेवण! हाडांवरून आकार कळला, पण ताटात काय होतं ते शेणाने सांगितलं. तुमच्या प्राण्याचंही शेण ठरवा. त्यात केस आहेत, खवले आहेत, की धानाचा कोंडा? गावातला माणूस काडीने ते उकरून बघणारच.

उन्हाचं थोडक्यात. ब्रह्मपुरी-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. मोठ्या अंगाला उष्णता बाहेर टाकायला कातडी कमी पडते. दाट केसांचा, गरम रक्ताचा मोठा प्राणी भर दुपारी उघड्यावर दाखवायचाच नाही. वाघसुद्धा त्या दिवसांत दुपार पाण्यात बसून काढतो.

तुमच्या आवडत्या ड्रॅगनकडे येऊ. आग कुठून आणायची? सगळ्यांना मिथेन सुचतो, आणि तो वाईट नाही. एक बैल दिवसाला शे-दीडशे लिटर मिथेन ढेकरांतून सोडतो. घरी गोबरगॅस असेल तर अर्थ लगेच लागेल: एवढ्यात एक शेगडी अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर चालते. हा वायू दाबाशिवाय साठवायचा तर पोटात डिझेलच्या टिपाडाएवढी पिशवी हवी. म्हणजे बैलाएवढा ड्रॅगन दिवसभराची कमाई पाच-दहा सेकंदांत फुंकून मोकळा होतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्यात काही नाही. शिवाय मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला तरच पेटतो. त्याहून दाट असला तर तोंडात विझेल, विरळ असला तर पेटणारच नाही. ठिणगीची सोयही करायला हवी. दातांवर दात घासून ठिणगी पाडणं ओढूनताणून वाटतं. त्यापेक्षा विजेचा अवयव द्या; दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत ईल माशाच्या एका जातीत ८६० व्होल्टपर्यंत दाब मोजला गेलाय.

मला स्वतःला आगीपेक्षा उकळता फवारा जास्त पटतो. बॉम्बार्डियर बीटल नावाच्या भुंगेऱ्याच्या पोटात दोन कप्पे असतात. एका कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नुसतेच पडून असतात. धोका दिसला की ते दुसऱ्या कप्प्यात जातात, तिथल्या विकरांमुळे भडका उडाल्यासारखी क्रिया होते आणि जवळजवळ १०० अंशांचा जळजळीत फवारा बाहेर पडतो. हाच अवयव मोठा केला की ठिणगी नको, टिपाडाएवढी पिशवीही नको. जखमा होतात त्या भाजल्याच्या आणि त्वचेवर डाग पाडणाऱ्या. आरोग्य केंद्रातली नर्स त्या बघून 'हे उकळत्या पाण्याचं नाही, दुसरंच काहीतरी आहे' म्हणू शकते. गोष्टीला ते जास्त कामाचं आहे.

उडणाऱ्याचं वजन मोजून द्या. आजवर पृथ्वीवर उडालेले सर्वांत मोठे प्राणी टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले उडते सरपटणारे प्राणी होते. पंखांचा पसारा १०-११ मीटर आणि वजन अडीचशे किलोच्या आसपास. त्यापुढे गेलात तर जादू मान्य करावी लागेल. मान्य करा, हरकत नाही, पण मग विज्ञानाचा आव नको. उडता घोडा यात बसत नाही: घोडाच ३५०-४०० किलोचा, त्यावर स्वार. आणि गंमत अशी की मोठे पक्षी अंगच्या जोरावर कमी आणि वर चढणाऱ्या गरम हवेवर जास्त उडतात. गिधाडं सकाळी ऊन चढेपर्यंत झाडावरच पंख पसरून बसलेली असतात. त्यामुळे मोठा उडता प्राणी अमावास्येच्या मध्यरात्री पाठवू नका. त्याची वेळ मे महिन्यातली दुपार, सगळं गाव दार लोटून आत पडलेलं, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि अंगणातून एक भलीमोठी सावली सरकत जाते. वाळत घातलेल्या मोहफुलांवरून, कवेलूंवरून, आणि कोणी पाहत नाही. भीतीसाठी अंधारच लागतो असं नाही.

राक्षसी कोळ्याला मी सरळ नकार देतो. कीटक अंगभर पसरलेल्या बारीक नळ्यांतून श्वास घेतात. अंग मोठं झालं की या नळ्यांतून आतपर्यंत हवा पोहोचत नाही. कोळ्याला सोबत फुप्फुसांची पानं असतात, पण बकरीएवढ्या अंगाला तीही अपुरी. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्या २१ टक्क्यांपेक्षा बराच जास्त होता, तेव्हाही चतुरासारखा सर्वांत मोठा कीटक पंखांच्या पसाऱ्यात सत्तर सेंटिमीटरच्या आसपासच होता. दुसरी अडचण कात टाकण्याची. जुनं कवच निघालं की नवं टणक होईपर्यंत अंग लिबलिबीत असतं. मोठा कोळी त्या वेळात स्वतःच्याच वजनाखाली चपटा होईल. तरी हवाच असेल तर त्याला पाण्यात टाका. जपानच्या समुद्रातल्या कोळी-खेकड्याचे पाय पसरले की साडेतीन मीटरच्या वर भरतात, कारण वजन पाणी पेलतं.

पण शेतकऱ्याला घाबरवायला एक मोठा कोळी कशाला? २०१७ मध्ये बोंडात शिरलेली गुलाबी अळी आणि मे २०२० मध्ये अमरावती-वर्धा-नागपूरकडे उतरलेली टोळधाड आपल्या लोकांनी पाहिलीय. एक टोळ दिवसाला स्वतःच्या वजनाएवढं, म्हणजे २ ग्रॅम खातो, आणि एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. चार कोटी गुणिले दोन ग्रॅम, ८० टन हिरवळ, एका दिवसात. बारक्या प्राण्यांची झुंड हा आपल्या भागातला खरा राक्षस आहे आणि त्यावर लिहिणारे फारच कमी.

परग्रहावरचा प्राणी म्हटलं की सगळे लोणारला धावतात. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आहेच तसं. पण 'उल्केबरोबर अंडं आलं' हे इतकं वापरून झालंय की पहिल्या ओळीलाच वाचक जांभई देतो. लिहायचंच असेल तर पाण्यापासून लिहा. सरोवराचं पाणी खारट आणि कडक अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं ते मीठ आवडणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. अशा जीवांतले पुष्कळ गोड्या पाण्यात टाकले की पाणी आत ओढून फुगतात आणि फुटतात. तुमचा लोणारचा प्राणी असा असेल तर त्याला मारायला बंदूक नको, गावातल्या नळाचं पाणी पुरेल. आणि दर पावसाळ्यात सरोवरात गोडं पाणी उतरलं की तो आजारी पडेल. दुबळेपणा असा शरीरातूनच यावा. 'डाव्या डोळ्यात बाण मारला की मरतो' हे लेखकाने वरून चिकटवलेलं कळतं.

मध्येच एक फरक सांगून टाकतो, नाहीतर गोंधळ होईल. आपल्याकडचे जोड-प्राणी, म्हणजे गाविलगडाच्या दरवाजावरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड किंवा चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर दिसणारा हत्तीवर स्वार झालेला सिंह, यांना पोट नसलं तरी चालतं. ती राज्यकर्त्यांनी कोरून घेतलेली ताकदीची खूण आहे. आसरा, मुंजा, चकवा यांनाही भूक-वजनाचा हिशेब लावू नका. त्यांचा हिशेब नियमांचा असतो. त्याची हद्द कुठे, मागणं काय, मोडतं कशाने? चकव्यात सापडलेल्याने आहे तिथे बसून राहायचं आणि उजाडल्यावर निघायचं, एवढा एकच नियम त्याला अंग नसतानाही जिवंत ठेवतो. मारबतीच्या पुतळ्याचंही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' म्हणत रोगराई तिच्यावर लादायची आणि तिला गावाबाहेर न्यायचं. उद्या तुमच्या गोष्टीत तिला शिवेबाहेर नेलीच नाही तर काय होतं, एवढा प्रश्न पुरे. तिचे दात किती लांब हे कोणी विचारत नाही. फक्त एक करा: एकाच प्राण्यावर दोन्ही हिशेब लावू नका. अर्धी गोष्ट वजन-भूक सांगायची आणि शेवटी लिंबू-मिरचीने त्याला पळवायचं, असं केलं की दोन्हीकडचे वाचक जातात.

आता एक प्राणी शेवटपर्यंत घडवून दाखवतो. जागा: मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे जुने तलाव हजारोंनी आहेत. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी तलावाचं लोकांनी 'मामा तलाव' केलं. यातले पुष्कळ एप्रिल-मेमध्ये तळाला जातात. म्हणजे प्राणी पाण्याचा, पण वर्षातले तीन-चार महिने पाण्याविना काढणारा हवा. असा खरा प्राणी आफ्रिकेत आहे: फुप्फुसं असलेला मासा, लंगफिश. तळं आटायला लागलं की तो चिखलात बीळ करतो, अंगाभोवती बुळबुळीत स्रावाचा कोष विणतो, वर श्वासापुरतं भोक ठेवतो आणि झोपतो. पाऊस लांबला तर वर्षाहूनही जास्त.

आपला प्राणी त्याचा थोराड भाऊ. लांबी आठ फूट, वजन १२० किलो, रक्त थंड. वाघाच्या हिशेबाने उतरत आलो तर त्याला वर्षाला दीड-दोनशे किलो मासळी-मांस पुरतं, झोपेचे महिने वजा केले तर त्याहूनही कमी. मध्यम तलावातल्या मासळीत हे भागतं, म्हणून तो आजवर कोणाच्या शेळीला शिवला नाही. मग आताच का? कारण यंदा मासळी आटली. ती का आटली ते तुम्ही ठरवा: सलग दोन कोरडी वर्षं, किंवा तलावात उतरलेलं वावरातलं औषध. प्राणी अचानक क्रूर झाला असं कधी लिहू नका. ताट रिकामं झालं, मग तो ताटाबाहेर आला.

दात टोकदार नकोत. लंगफिशच्या तोंडात सुळे नसतात, भरडणाऱ्या पट्ट्या असतात. त्यामुळे याने धरलेल्या शेळीचं मांस फाटलेलं नसेल; कातडी जवळजवळ शाबूत आणि आतली हाडं चुरा झालेली, पोत्यात खडे भरावेत तशी. वाघ मागच्या फऱ्याकडून खायला सुरुवात करतो, बिबट बहुधा पोट-छातीकडून, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्यापुढे हे कातडीचं पोतं ठेवलं की कोणी हसणार नाही.

तो फुप्फुसाने श्वास घेतो, म्हणजे थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळणं त्याला भाग आहे. मरळ मासाही तसंच करतो. पाण्यावर तोंड येतं, 'गुळुप' होतं, वलय उठतं. रात्री जाळं राखणाऱ्या ढीवराच्या कानाला हा आवाज सवयीचा. त्याला एका रात्री तोच आवाज ऐकू येतो, फक्त फार खालच्या पट्टीतला, आणि वलय पाळीपर्यंत पोहोचून लाटेसारखं फुटतं. अंग मोठं तसा आवाज खोल. सिनेमातली धुडं किंचाळतात ते विसरा.

मे महिन्यातला तलाव नीट पाहून घ्या. तळ तडकलेला असतो, भेगा कोनाकोनाच्या, पाच-सहा बाजूंच्या. त्यात एकच भोक गोल, ताटलीएवढं, काठ हाताने लिंपल्यासारखा गुळगुळीत. आजूबाजूची माती पांढुरकी कोरडी आणि त्या काठापाशी बोटभर ओल. पोरं त्यात खडा टाकतात, खडा तळाला लागल्याचा आवाज येत नाही, मऊ काहीतरी लागल्यासारखं होतं. पोरं दुसरा खडा टाकतात.

याच दिवसांत गाळ काढायला जेसीबी येतो. इथे बहुतेक जण बकेटमधून राक्षस उसळून बाहेर येताना दाखवतील. चूक. अशा लांब झोपेतून शरीर झटक्यात जागं होत नाही. स्नायू आखडलेले, अंगातलं पाणी आटलेलं, रक्तात युरिया साठलेला. ४५ अंशांच्या उन्हात कोष फाटला की तो संध्याकाळपर्यंत मरेल, तोंड उघडं टाकून, माशासारखा. गाव बघायला जमेल, व्हिडिओ निघतील, एखादी आजी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतेल. भीती या प्रसंगात नाही, पुढच्या हिशेबात आहे: कुठलीही जात एकट्याने टिकत नाही. जवळच्या नात्यातली पैदास टाळून काही पिढ्या निघायला किमान ५० तरी जीव लागतात असा जीवशास्त्रातला जुना अंदाज आहे. एका तलावात एक मेला, म्हणजे आसपासच्या तालुक्यांतल्या तलावांत उरलेले एकोणपन्नास आहेत. आणि मृगाला चार दिवस उरलेत.

मृगाच्या पावसानंतरचे पंधरा दिवस सर्वांत धोक्याचे ठेवा. महिनोन् महिने उपाशी अंग, तलावात पाणी टीचभर, मासळी नाही. पुढे रोवणीच्या वेळी बांध्यांत पाणी भरलं की त्याला तलावाबाहेर जायला वाटाच वाटा, आणि बायका घोटाभर चिखलात वाकून उभ्या. तो प्रसंग जपून ठेवा, मधेच खर्चू नका.

प्राणी पुरता दाखवण्याआधी निदान तीन खुणा टाका आणि प्रत्येक वेगळ्या माणसाला दिसू द्या. ढीवराला आवाज, गुराख्याला शेळी, आणि तिसरी अशी काहीतरी:

"पाळीवरचं शेवाळ सुपाएवढ्या रुंदीचं घासून गेलं होतं. पट्टा पाण्यातून वर आला होता. सदूने पाळीच्या दुसऱ्या अंगाला उतरून पाहिलं, तिसऱ्या बांधीपर्यंत गेला, धुऱ्यावर थांबला. परत जायचा पट्टा कुठेच नव्हता."

यात भीती दाखवणारं विशेषण एकही नाही, बघा. रात्रीच्या बॅटरीचंही तसंच करा. जागल करणारे लोक डोळ्यांच्या रंगापेक्षा डोळे जमिनीपासून किती वर आहेत आणि दोहोंत किती अंतर आहे त्यावरून जनावर ओळखतात. 'लाल डोळे चमकले' लिहिण्यापेक्षा 'डोळे जमिनीला टेकून होते आणि दोन डोळ्यांत वीतभर अंतर होतं' लिहा. हे वाचून माणूस बॅटरी बंद करतो.

नाव संस्कृत कोशातून काढू नका. गाव नाव देतं ते जागेवरून किंवा खुणेवरून. ताडोबातला प्रसिद्ध वाघडोह हा वाघसुद्धा जागेवरूनच ओळखला गेला. रात्री वाघाला वाघ आणि सापाला साप न म्हणता 'जनावर' म्हणायची रीत अजून आहे. तुमच्या प्राण्याला दिवसा 'गाळ्या' म्हणा आणि दिवस मावळला की कोणीच नाव घेऊ नये. नवा माणूस गावात येऊन रात्री ते नाव मोठ्याने घेतो तेव्हा चुलीपुढचे सगळे गप्प होतात, एवढ्यावर एक पान निघतं.

आणि शेवटी फॉरेस्टवाले. शहरातला लेखक इथे सैन्य आणतो; गावात आधी बीट गार्ड येतो. नुकसानभरपाई हवी तर मेलेलं ढोर पंचनामा होईपर्यंत हलवायचं नसतं. म्हणजे ती हाडं चुरा झालेली गाय रात्रभर पाळीवरच पडून राहणार, आणि तिच्याजवळ कोणीतरी बसणार, कारण कुत्र्यांनी ओढली तर केस गेली. भरपाई मिळते ती ठरलेल्या वन्यप्राण्यांनी मारलं तर: वाघ, बिबट, अस्वल, लांडगा, तरस, मगर, अशी ती यादी आहे. गाळ्या यादीत नाही. गार्डला आपल्या डोळ्यांनी दिसतंय की हे वाघाचं काम नाही. गाईची मालकीण म्हणतेय, साहेब, वाघ लिवा ना, तुमचं काय जाते? वाघ लिहिलं तर तिला पैसे मिळतील, पण उद्या तलावाऐवजी जंगलात पिंजरा लागेल आणि लोक निर्धास्त रोवणीला उतरतील. खरं लिहिलं तर पैसे नाहीत आणि वरून साहेब विचारणार, दारू पिऊन पंचनामा केला काय? 'हल्लेखोर प्राणी' या रकान्यावर त्याचा पेन थांबलाय. तो काय लिहितो ते आधी ठरवा, मग पहिलं प्रकरण लिहायला घ्या.